बंद हो, बाबा!

संगणक बंद पडणं आणि संगणक बंद होणं यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. बंद तो आपल्या मर्जीने पडतो आणि त्यासाठी त्याला मुहूर्त लागतो. रिटर्न भरायची शेवटची तारीख किंवा चिरंजीवांच्या प्रवेश अर्जाचा ओटीपी येण्याचा क्षण, हे त्याचे खास आवडते मुहूर्त. पण तुम्ही हातातलं काम संपवून, शांत डोक्याने त्याला म्हणालात की बाबा रे, आता बंद हो, की त्याच्या अंगात एकदम कर्तव्यबुद्धी संचारते. 'एक प्रोग्रॅम अजून चालू आहे.' 'अपडेट चालू आहे, कृपया संगणक बंद करू नका.' दिवसभर कामचुकारपणा करणारा हा गडी आता जागचा हलत नाही.

साध्या संगणकावर निदान शेवटचा इलाज असतो. बटण दाबून धरायचं, नाहीतर भिंतीतली पिन उपटायची. व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे त्या धंद्यातल्या लोकांच्या तोंडी असलेल्या 'व्हीएम'ला, तेही नसतं. त्याला बटण नाही, पिन नाही, बॅटरी नाही. बाजूने एक चापट मारावी तर बाजूही नाही. ते अस्तित्वात आहे याचा एकमेव पुरावा म्हणजे ते बंद होत नाही.

व्हीएम म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा खोटा संगणक. बाहेरचा खरा तो होस्ट, आतला खोटा तो गेस्ट. होस्टवरचा एक प्रोग्रॅम आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला पटवून देतो की हा तुझा प्रोसेसर, ही तुझी डिस्क, हे तुझं नेटवर्क कार्ड, आणि हा सगळा संसार तुझ्या एकटीचा. आतली सिस्टिम विश्वास ठेवते आणि गुण्यागोविंदाने नांदते. ही थाप काही नवी नाही. आयबीएमच्या लोकांनी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये १९६०च्या दशकातच ती मारून पाहिली होती, आणि १९७२ साली 'व्हीएम/३७०' या नावाने ती गिऱ्हाइकांपुढे आणली. १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी निघाली आणि थाप साध्या पीसीपर्यंत पोचली. २००३ मध्ये फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने 'क्यूएमू' आणलं, २००७ मध्ये 'केव्हीएम' थेट लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, जाऊन बसलं. आता तीन खोल्यांच्या ऑफिसातसुद्धा जिन्याखालच्या एका डब्यात दोन-चार खोटे संगणक सुखाने राहत असतात. चालू करण्यावर एवढी बुद्धी खर्च झाल्यावर बंद करण्यासाठी काही उरलीच नसेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बंद करण्यावर त्याहून जास्त बुद्धी खर्च झाली आहे, आणि घोटाळा तिथेच आहे.

पूर्वी हे फार सोपं होतं. जुन्या पीसीला साधा खटका असे. खटका खाली केला की वीज जाई, वीज गेली की संगणक जाई. त्यात मतभेदाला जागा नव्हती. विंडोज ९५च्या काळात शिष्टाचार आला. आधी मेनूतून शटडाउन म्हणायचं, मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' असा दाखला येई, आणि त्यानंतरच खटका. कित्येक ऑफिसांत दाखला मिळाल्याच्या समाधानात मंडळी खटका न दाबताच घरी जात, आणि आपल्याला बंद करायला हरकत नाही हे तो संगणक रात्रभर रिकाम्या खोलीला सांगत बसे.

मग १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली, आणि १९९६च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाची नियमावली काढली. तेव्हापासून बटणाचे अधिकार गेले. बटण दाबलं की वीज तुटत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला फक्त कळवलं जातं, की बाहेर कुणीतरी बटण दाबलेलं आहे, आपणांस योग्य वाटेल ते करावे. योग्य काय, ते ती ठरवते. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'बटण दाबल्यावर काय करायचं' याचे जे पर्याय दिलेले असतात, त्यांत बंद होणं आहे, झोपणं आहे, आणि 'काहीही न करणं' हाही एक अधिकृत पर्याय आहे. आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांत तो कुठलंही सेटिंग न बदलता चालू असतो, हा भाग वेगळा.

नियमावली करणाऱ्यांचाही स्वतःच्या नियमांवर पूर्ण भरवसा नसावा. बटण चार सेकंद दाबून धरलं तर आतल्यांना न विचारता वीज तोडायची, अशी एक पळवाट त्यांनी ठेवली. व्हीएमच्या बाबतीत दाबून धरायला बटणच नसतं. तुम्ही पडद्यावरच्या 'शटडाउन'वर क्लिक करता, तेव्हा होस्ट एक खोटं बटण दाबल्याची खोटी बातमी आत पाठवतो, आणि आपलं काम झालं असं समजून गप्प बसतो. म्हणजे शटडाउन ही विनंती आहे. माणूस मात्र ती हुकूम म्हणून सोडतो आणि हुकूम मोडला गेला की चिडतो.

हे नाट्य पाहायचं असेल तर पुण्यात गुरुवारी सकाळी एखाद्या छोट्या ऑफिसात जावं. गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार. पाणी नाही, वीज जाणार, आणि हे सगळं आधी कळवून. आमच्या ओळखीच्या एका सीएंच्या ऑफिसात मी स्वतःच्या कागदांसाठी बसलो होतो. दहाला वीज जाणार असा निरोप आदल्या रात्रीच फिरला होता. जिन्याखाली सर्व्हर, त्यावर दोन व्हीएम. शंभर नंबरचं विंडोजचं, त्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर. एकशेएक नंबरचं लिनक्सचं, ते सगळ्या फायली मागच्या स्टोरेजच्या डब्यावर नेऊन ठेवणारं. शेजारी यूपीएस, ज्याच्या बॅटरीचा विषय त्या ऑफिसात कुणी काढत नाही.

साडेनऊला सिस्टिम बघणाऱ्या मुलाने दोन्ही व्हीएमना शटडाउन मारलं. दोन्ही चालूच.

"झालं का रे बंद?" सीए साहेबांनी केबिनमधून विचारलं.

"होतंय सर."

"होतंय म्हणजे?"

"म्हणजे, सांगितलंय त्याला."

"अहो, माझा कंप्युटर तर एका सेकंदात बंद होतो," अकाउंटंट मॅडम म्हणाल्या. "ते पुढचं बटण दाबलं की झालं." त्या मॉनिटरचं बटण दाबतात हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्यांचा संगणक तीन दिवाळ्या सलग चालू आहे.

"मी मागचं ते लुकलुकणारं केव्हाच बंद केलं," शिपाई काका म्हणाले. "ते लगेच ऐकलं." काकांकडे कुणी लक्ष दिलं नाही. छोट्या ऑफिसात सगळ्यात उपयोगाची माहिती नेहमी अशीच वाया जाते.

बंद न होणाऱ्या यंत्राभोवती जमणाऱ्या लोकांचे जगभर दोनच पंथ आहेत. पहिला ओढा-पंथ. यांचं म्हणणं, यंत्राचे लाड बंद करा, पिन काढा, काही होत नाही, मी नेहमी काढतो. दुसरा थांबा-पंथ. हे लोक 'आपोआप होईल' यावर गाढ श्रद्धा ठेवून चहा मागवतात. ओढा-पंथाचा माणूस सहसा शेजारच्या ऑफिसातला असतो, कारण डेटा त्याचा नसतो. थांबा-पंथाचा माणूस पगारी असतो, कारण वेळ त्याचा नसतो. त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे इस्टेट एजंट पहिल्या पंथाचे निघाले. एका अशिलाने हिंजवडीतल्या पुतण्याला फोन लावला. पुतण्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि कंपनीच्या पद्धतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "काका, बंद करून चालू करून पाहिलंत का?"

दोन्ही पंथांची चूक एकच. व्हीएम बंद होत नाही म्हणजे ते हट्टाला पेटलंय असं दोघांनाही वाटतं. यंत्राला हट्ट नसतो. ते बंद होत नाही तेव्हा चारच शक्यता असतात: त्याला विनंती ऐकूच गेली नाही, ऐकू गेली पण ते कशासाठी तरी अडून बसलंय, बाहेर कुणीतरी कुलूप लावलंय, किंवा ते कधीच बंद झालं होतं आणि कुणीतरी परत उठवलंय. कुठली शक्यता आहे ते कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे जमलेल्या लोकांना पांगवणं.

ऐकू न जाण्याची तऱ्हा सगळ्यात सामान्य, आणि म्हणून ती सगळ्यात शेवटी तपासली जाते. काही वर्षांपूर्वीपर्यंत अगदी किमान लिनक्स बसवलं, तर बटणाची बातमी ऐकणारा 'एसीपीआयडी' नावाचा छोटा प्रोग्रॅम त्यात नसायचा. बाहेरून कितीही शटडाउन मारा, आत शांतता. जुन्या विंडोज सर्व्हरची तऱ्हा आणखी वेगळी. कुणी लॉगइन केलेलं नसेल तर बंद व्हायचं नाही, असा त्याचा बाणा. म्हणजे बंद करण्यासाठी आधी आत जा, स्वतःची ओळख पटवा, मग विषय काढा. आता हे कान बरेच सुधारलेत, पण त्यांच्या जागी नवा माणूस आलाय: गेस्ट एजंट.

हा एजंट म्हणजे व्हीएमच्या आत बसवायचा एक छोटा प्रोग्रॅम. होस्टने त्याला सांगायचं, त्याने आतल्या सिस्टिमला सांगायचं, आणि सगळं रीतसर बंद व्हायचं. कल्पना उत्तम. फक्त त्याला दोन ठिकाणी नेमावं लागतं. होस्टच्या सेटिंगमध्ये खूण करायची, आणि आत जाऊन तो प्रोग्रॅम खरोखर बसवायचा. पहिलं काम एका क्लिकचं असल्यामुळे सगळे करतात. दुसरं राहून जातं. व्हीएम चालवणाऱ्या, व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्स प्रणालीत तर अशी खूण असली की होस्ट खोट्या बटणाचा नाद सोडून फक्त एजंटशीच बोलायला जातो. आत एजंट नसेल, तर नेमणूक झालेल्या पण कधीच रुजू न झालेल्या माणसाच्या उत्तराची तो मुदत संपेपर्यंत वाट पाहतो. मुदत संपली की 'शटडाउन अयशस्वी' अशी नोंद करतो. एजंट नाही, असं स्पष्ट म्हणत नाही. बोलण्यात मर्यादा पाळतो.

शंभर नंबरची गोष्ट हीच निघाली. मुलाने सेटिंग उघडलं, एजंटपुढे खूण होती. आत विंडोजमध्ये शोधलं, एजंट कधी बसवलेलाच नव्हता. मग त्याने आत लॉगइन करून, हाताने शटडाउन दिलं. लगेच विंडोजने निळ्या पडद्यावर विचारलं, एक प्रोग्रॅम तुम्हाला बंद होण्यापासून अडवतोय, तरीही बंद करू का? अडवणारा प्रोग्रॅम होता नोटपॅड. त्यात न साठवलेला मजकूर होता: 'जीएसटी थ्री-बी. टीडीएस. कोथिंबीर. दूध २.'

"ही कुणाची फाइल?" मुलाने विचारलं.

"राहू दे रे ती, महत्त्वाची आहे," मॅडम म्हणाल्या.

यातली मेख ध्यानात घ्या. हा प्रश्न विंडोज एरवीही विचारते. पण व्हीएमचा पडदा पाहायला समोर कुणीच बसलेलं नसतं. प्रश्न पडद्यावर उभा असतो, उत्तर देणारा घरी जेवत असतो, आणि होस्टवर 'थांबत आहे' एवढंच दिसत राहतं. म्हणून जाणते लोक सगळ्यात आधी व्हीएमचा कन्सोल उघडतात. आतला माणूस काय म्हणतोय ते ऐकल्याशिवाय त्याला बाहेरून दटावत बसण्यात अर्थ नसतो.

फाइल साठवली, शंभर नंबर बंद झालं. एकशेएकचा कन्सोल उघडला, तर तिथे दुसरी तऱ्हा: विनंती पोचलेली, पण आवराआवर संपत नाही. लिनक्समधला सिस्टिमडी नावाचा कारभारी प्रत्येक सेवेला थांबायला सांगतो आणि साधारण ९० सेकंदांची मुदत देतो. तोवर पडद्यावर लाल चांदण्या कंसाच्या आत इकडून तिकडे फिरतात, शेजारी सेकंद मोजले जातात, आणि 'थांबवण्याचं काम चालू आहे' असं लिहून येतं. आपल्याकडे पाहुणे 'चला, निघतो' म्हणून उठतात, दारापर्यंत येतात, चपला पायात घालतात आणि मग उंबऱ्यावर खरा विषय निघतो. त्यातला प्रकार. मुदत संपत आली की सुटलो असं वाटतं, तेवढ्यात ती दीड मिनिटावरून तीन मिनिटांवर जाते. पाहणाऱ्याचा जीव इतका टांगणीला लागतो, की फेडोरा या लिनक्सच्या मंडळींनी २०२३ मध्ये ही मुदतच ४५ सेकंदांवर आणली. उंबऱ्यावरच्या गप्पा थांबल्या नाहीत, अर्ध्या झाल्या.

मुदत संपली की कारभारी त्या सेवेला ठार करतो. लिनक्समध्ये यासाठी दोन संदेश आहेत. पंधरा नंबरचा सभ्य असतो: आवरतं घ्या. तो न ऐकण्याचं स्वातंत्र्य आहे. नऊ नंबरचा 'किल' न ऐकण्याचं स्वातंत्र्य कुणालाच नाही. पण त्यालाही दाद न देणारे दोन प्रकार असतात. एक झाँबी प्रोसेस. ती आधीच मेलेली असते, फक्त तिची नोंद उरलेली असते, आणि मेलेल्याला मारता येत नाही. दुसरी, डिस्कची वाट पाहणारी प्रोसेस. डिस्कवर लिहायचं काम कर्नेलकडे दिलं की उत्तर येईपर्यंत ती अशा गाढ अवस्थेत जाते, की नऊ नंबरचा संदेशही बाहेर ताटकळतो. उत्तर आलं की ती मरायला तयार असते. उत्तरच आलं नाही तर मात्र ती अमर होते. आणि ती डिस्क जर नेटवर्कवर, दुसऱ्याच डब्यात असेल, आणि तो डबा कुणी आधीच बंद केला असेल...

"काका, तुम्ही मघाशी काय बंद केलं म्हणालात?"

"ते मागचं. लुकलुकणारं."

ते लुकलुकणारं म्हणजे एकशेएक नंबर ज्यावर फायली लिहीत होतं तो स्टोरेजचा डबा. काकांवर कुणी आवाज चढवला नाही, कारण 'दहाच्या आत सगळं बंद करा' हा हुकूम त्यांना मिळाला होता आणि त्या ऑफिसात तो पाळणारे ते एकटेच होते. दरम्यान मुलाने धीर सोडून 'स्टॉप' दाबून पाहिलं होतं. विनंतीवाला शटडाउन नव्हे, वीज तोडणारा स्टॉप. त्यावर होस्टने उत्तर दिलं, कुलूप मिळत नाही.

ही तिसरी तऱ्हा, आणि मला सर्वांत आवडती. एका व्हीएमवर एका वेळी एकच काम व्हावं म्हणून होस्ट त्याच्या नावाने कुलूप लावतो. आधीचा शटडाउनचा अर्ज आत प्रलंबित असतो आणि कुलूप त्याच्या हातात असतं. म्हणून आता थेट हुकूम घेऊन आलात तरी आत घेत नाहीत. पहिला अर्ज निकाली निघू द्या. म्हणजे वीज तोडायचा आपला अधिकार आपल्याच सौजन्याने अडवलेला असतो. प्रॉक्समॉक्सने पुढे 'आधीचा शटडाउन रद्द करून थांबव' अशी सोय दिली, हे बरं झालं. रात्रीचा बॅकअप मध्येच तुटला तरी असंच कुलूप मागे राहतं. बॅकअप संपलेला, करणारा गेलेला, कुलूप मात्र लागलेलं. तेव्हा कुलूप आज्ञा देऊन काढता येतं, पण बॅकअप खरंच चालू नाही ना हे आधी पाहून. चालू असताना काढलं तर पुढचा गुरुवार सोपा जातो, कारण बंद करायला काही उरत नाही.

काकांनी स्टोरेजचा डबा परत चालू केला. तो उठेपर्यंत चहा झाला. उठला, एकशेएकने उरलेल्या फायली मुकाट्याने लिहिल्या आणि कुणीही काहीही न करता ते आपलं आपण बंद झालं. थांबा-पंथाने याचं श्रेय घेतलं. दहा वाजून गेले होते. वीज त्या दिवशी गेलीच नाही.

चौथी तऱ्हा तिथे पाहायला मिळाली नाही, पण मोठ्या ठिकाणी ती रोज घडते. महत्त्वाचं व्हीएम कधीच बंद पडू नये म्हणून 'हाय अव्हेलेबिलिटी' नावाची पहारेकरी व्यवस्था ठेवतात. व्हीएम पडलं की तिने ते लगेच उचलून उभं करायचं. आता तुम्ही आत जाऊन व्हीएम सभ्यपणे बंद केलंत, तर पहारेकऱ्याच्या दृष्टीने ते पडलेलंच असतं. तो उचलतो. तुम्ही परत बंद करता. तो परत उचलतो. तुमचे दोघांचेही हेतू शुद्ध आहेत आणि दोघंही आपापलं काम चोख करताय. अशा वेळी व्हीएमशी भांडू नये, पहारेकऱ्याला सांगावं की हे बंद असलेलंच हवंय.

काहीच चाललं नाही की ओढा-पंथाकडे यावं लागतंच. बाहेरून जबरदस्तीने बंद करायची सोय प्रत्येक प्रणालीत आहे. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये त्याच्या पायऱ्याच केल्यात: 'सॉफ्ट', 'हार्ड' आणि 'फोर्स'. साम झालं, दंड झाला. दाम परवान्याच्या वेळीच वसूल झालेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये प्रत्येक व्हीएममागे एक स्वतंत्र प्रोसेस असते, तेवढीच शोधून मारायची. शेजारच्या व्हीएमचीच मारली जाऊ नये म्हणून आधी तिचा लांबलचक ओळख क्रमांक ताडून पाहायचा. लिनक्सवरच्या 'व्हर्श'मध्ये 'डिस्ट्रॉय' नावाची आज्ञा आहे. ती वाचूनच नवीन माणसाचे हात थरथरतात, पण ती फक्त वीज तोडते, डिस्कला हात लावत नाही. उलट 'अनडिफाइन' ही सोज्वळ दिसणारी आज्ञा व्हीएमची नोंदच पुसते. घाबरायचं तिला.

जबरदस्तीने बंद केलं की जग बुडत नाही. आजच्या फाइल सिस्टिम काय करायचंय ते आधी वहीत टिपून मग करतात, आणि चांगले डेटाबेसही परत उठताना ती वही वाचून अर्धवट राहिलेलं निस्तरतात. पण 'बहुधा निस्तरतं' आणि 'निस्तरतं' यांच्यामध्ये एखाद्या ऑफिसचं अख्खं आर्थिक वर्ष मावतं. ओढा-पंथीय नेहमी आठवण करून देतात की आजवर काही झालं नाही. ज्यांचं झालं, ते पंथ सोडून गेलेले असतात.

एवढं करून बंद झालं, तरी ते खरंच बंद झालं का? विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शटडाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण खालचा कर्नेल बंद न होता जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठतो. विंडोजला पूर्ण बंद होऊन ताजं उठायला लावायचं असेल तर शटडाउन करून भागत नाही, रीस्टार्ट करावं लागतं. म्हणजे पुतण्या तसा चुकीचं बोलत नव्हता. क्लाउडवर तर याहून कडी आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझुरवर तुम्ही व्हीएमच्या आत जाऊन शटडाउन केलंत, तर ते बंद होतं, 'स्टॉप्ड' असं दिसतं, आणि बिल चालू राहतं, कारण त्याच्यासाठी राखलेली जागा तुमच्याच नावावर असते. ती सोडायची तर बाहेरून, पोर्टलवरून थांबवावं लागतं. बंद पडलेल्या यंत्राचं बिल भरायची आपल्याला सवय आहे. बंद केलेल्याचं बिल भरायला जरा वेळ लागतो.

तेव्हा ज्यांच्या जिन्याखाली असा डबा आहे, त्यांना एवढंच सांगणं. शटडाउन मारल्यावर लगेच दुसऱ्यांदा मारू नका, पहिल्याची काय नोंद झाली ती वाचा. कन्सोल उघडून आत कुणी काय विचारतंय ते पाहा. स्टोरेजचा डबा सगळ्यांत शेवटी बंद करा, सगळ्यांत आधी चालू करा, आणि हा क्रम कागदावर लिहून त्याच डब्यावर चिकटवा. पाच मिनिटं थांबा, त्यानंतर जबरदस्ती करायला लाजू नका. बॅकअप परत उतरवून पाहतात तसं बंद करणंही वीज असताना, गिऱ्हाईक नसताना, एकदा करून पाहायचं असतं. आणि गेस्ट एजंट आत खरोखर चालू आहे का, ते आजच बघा. होस्टवर नुसती खूण करून भागत नाही.